पऱ्हाट्यांचा वास, यॉर्कशायरमध्ये

गेल्या आठवड्यात प्रयोगशाळेतील दाबपात्राचे झाकण काढले आणि मन थेट चोपडा तालुक्यातील आमच्या मळ्यात जाऊन पोहोचले. आत गव्हाचे काड इथेनॉल आणि पाण्याच्या मिश्रणात सुमारे 180 अंशांवर शिजवलेले होते. पण वास आला तो पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांच्या, जाळावर भाजलेल्या भरताच्या वांग्यांचा. हा केवळ भास नव्हता. झाडाला ताठपणा देणारे लिग्निन तापून तुटू लागले की ग्वायकॉलसारखी धुरकट वासाची द्रव्ये सुटतात, आणि गॅसवर भाजलेल्या वांग्याला कधीच न येणारी ती चव त्यांचीच असते.

काळ्या चहासारखा दिसणारा हा अर्क गाळून भरपूर पाण्यात ओतला की दूध नासावे तसे लिग्निन फुटून तळाशी बसते आणि वाळल्यावर त्याची तपकिरी पूड होते. गाळणीवर उरलेल्या फिकट लगद्यातील सेल्युलोजभोवतीचे लिग्निनचे आवरण आता बरेच सुटलेले असल्यामुळे एन्झाइमे सेल्युलोजचे ग्लुकोज करू शकतात, आणि ते आंबवून यीस्ट इथेनॉल करते. काडात सेल्युलोजच्या जोडीने असणाऱ्या हेमिसेल्युलोजची झायलोज साखर मात्र नेहमीच्या यीस्टला पचत नाही. सध्या माझे दिवस तिच्यामागेच जात आहेत.

दुपारी जेवताना भरताची ही हकिगत सांगितली, तेव्हा एका सहकाऱ्याने विचारले, “म्हणजे तुम्ही काड शेतातच जाळता?” इंग्लंडमध्ये धान्याचे काड शेतात जाळण्यास 1993 पासून बंदी आहे. नियम मला मनापासून पटतो, तरीही प्रश्न बोचला. ज्वारीचा कडबा आपण तरी कुठे जाळतो? पऱ्हाटी लाकडासारखी टणक, लवकर न कुजणारी. तिच्यावर राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी तग धरते, म्हणून ती वेळीच नष्ट करा असे कृषी विभागच सांगतो. चुलीपुरती घरी आणून उरलेली आप्पा बांधावर पेटवत, त्यात निष्काळजीपणा नव्हता, हे मी त्याला जरा जास्तच वेळ समजावत राहिलो.

मात्र त्या ढिगात वजनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा लिग्निन असते आणि त्याहून कितीतरी अधिक साखर सेल्युलोजमध्ये बांधलेली असते, हे आता ठाऊक असल्यामुळे तो जाळ आठवून जीव हळहळतो. पानिपतला भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा प्रकल्प 2022 मध्ये सुरू झाला. पऱ्हाटीसाठी खानदेशात असे का होऊ नये, असे रात्री फोनवर आप्पांना विचारले. ते म्हणाले, “ट्रॉली भरलेली दिसते, पण काट्यावर वजन भरत नाही. गाडीभाडं कोण देणार?”