डोळ्याला डोळा

परवा घरून काम करताना स्पीकर चालूच राहिला आणि लंडनचा क्लायंट अगदी गोड आवाजात म्हणाला की या मुद्द्यावर आपलं काही सी आय टू आय होत नाहीये, तर शेजारी शेंगा सोलत बसलेल्या सासूबाई लगेच, "काय म्हणतोय गं तो?" मी घाईत शब्दाला शब्द लावून सांगितलं, डोळ्याला डोळा भिडवत नाही म्हणतोय. "बरंय की मग, भांडायचं नाहीये त्याला."

खरंच की! इंग्रजीत सी आय टू आय म्हणजे एकमत होणं, पण आपल्यात डोळ्याला डोळा भिडवला म्हणजे आता राडा, आणि डोळ्याला डोळा लागला नाही म्हणजे रात्रभर झोप नाही, यात एकमत कुठंय? एकमताचं खातं आपण कानाकडे दिलंय, सूर जुळतात, एकाने म्हणलं की दुसरा री ओढतो. बघण्याशी संबंध आला तर फक्त त्या ३६ च्या आकड्यात, ३ आणि ६ पाठीला पाठ लावून रुसून बसलेले, उलटं करून ६३ लिहा की बसले समोरासमोर. आणि गंमत म्हणजे पत्रिकेत हेच ३६ सगळ्यात भारी. आमचे २९ जुळले होते, त्यात नाडीचे ८ पैकी ८, तरी पंखा २ वर ठेवायचा की ४ वर हे १४ वर्षांत ठरलेलं नाही.

मग उगाच खोदत बसले तर हे सी आय टू आय निघालं बायबलमधून, १६११ सालचं किंग जेम्स भाषांतर, यशयाचं पुस्तक, अध्याय ५२, वचन ८. आणि तिथे एकमत वगैरे काही नाहीचे! पडलेल्या यरुशलेमचे पहारेकरी आहेत, परमेश्वर सियोनला, म्हणजे यरुशलेमलाच, परत येताना त्यांना समोर दिसतो, अगदी डोळ्यांदेखत, आणि ते सगळे एकदमच ओरडायला, गायला लागतात. मूळ हिब्रूतलं 'डोळ्यात डोळा' इंग्रजीत जसंच्या तसं उतरलं आणि पुढे लोकांनी त्याचा अर्थ मतं जुळणं असा करून टाकला. तोही मी तरी बहुतेक वेळा 'नाही' लावूनच ऐकलाय, जुळलं तर कोण कशाला बोलतंय म्हणा.

म्हणजे ते पहारेकरी एकमेकांकडे बघतच नव्हते, सगळे रस्त्याकडे बघत होते.

हे वाचलं आणि मला आमची गॅलरीच आठवली. मे महिना, टाकी कोरडी, मी आणि नवरा कठड्याला टेकून, सकाळपासून धुण्यावरून अबोला, आणि कोपऱ्यावर टँकरचं निळं तोंड दिसलं की दोघं एकदम, एकाच पट्टीत, "आला!"

मग खाली त्याच्या वाटेत उभी असलेली स्कूटर कुणी लावलीये यावरून परत सुरू.