वहीतल्या फुल्या

पस्तिशीच्या बाई होत्या. खुर्चीत टेकल्या आणि एक शब्द बोलायच्या आधी पर्समधून वही काढून माझ्यासमोर ठेवली. प्रत्येक पानावर पट्टीने आखलेला तक्ता: पहाटे उठणे, चालणे, ध्यान, दीर्घ श्वसन, कृतज्ञतेच्या तीन ओळी. पहिल्या आठवड्यात सगळीकडे बरोबरच्या खुणा. मग अधूनमधून फुल्या. नंतर फुल्याच फुल्या, इतक्या दाबून काढलेल्या की पानामागे हाताला लागत होत्या. शेवटच्या पानावर कृतज्ञतेच्या जागी एकच ओळ होती, "मला हेही जमत नाही."

"मॅडम, माझेच प्रयत्न कमी पडतात ना?"

पहाटे तीनला जाग येते, पुन्हा डोळा लागत नाही. आंघोळीला जायचं म्हणून पलंगाच्या कडेला तासभर नुसतं बसून राहतात. दोन महिने हे चाललं होतं. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली. 27 पैकी 21. 20 पासून पुढे तीव्र नैराश्य धरतात. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तिथेही खूण होती. मी सरळ विचारलं. (विचारल्याने असले विचार डोक्यात शिरतात, हा गैरसमज आहे. उलट माणूस मोकळं होतं.) त्या बराच वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "वहीत याला रकानाच नव्हता."

चालण्या-व्यायामाचा उपयोग होतो, सौम्य नैराश्यात तर चांगलाच होतो. मीही ते सुचवते. पण आजार तीव्र झाला की उठायची उमेदच जाते, आणि हे सगळे सल्ले त्या उमेदीच्याच भरवशावर दिलेले असतात. त्यात स्वतःला दोष देणं हे या आजाराचंच लक्षण. न जमलेला प्रत्येक उपाय त्या दोषाला नवा पुरावा देतो. अशा याद्या मीही पूर्वी छापून वाटल्या आहेत. त्या कोणाच्या हातात पडल्या असतील, हा विचार त्या दिवसापासून मला सोडत नाही.

बाईंना एकटं पाठवायचं नव्हतं. बहिणीला बोलावून घेतलं, मनोविकारतज्ज्ञांना फोन करून त्याच दिवशीची वेळ मिळवली. थायरॉईडची तपासणीही त्यांनी करून घेतली. थायरॉईड ग्रंथीचं काम कमी पडलं तरी असंच मरगळल्यासारखं होतं. तपासणी ठीक निघाली. गोळ्या सुरू झाल्या. गुण यायला काही आठवडे लागतात, हे मी दोघींना दोनदा सांगितलं, कारण "फरक नाही" म्हणून दहाव्या दिवशी गोळ्या सोडणारे खूप पाहिलेत.

सहाव्या आठवड्यात त्या आल्या, तेव्हा हातात वही नव्हती.

"काल आंघोळ केली," म्हणाल्या, "आणि खूण करायचं लक्षातच आलं नाही."