रेवदंडा खाडी, अष्टमीचं पाणी

तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. आज अष्टमी, म्हणून पूर्ण भरती सहाच्या सुमारास. भांगाचं पाणी, म्हणजे अष्टमीच्या आसपासची लहान भरती, ओढ कमी, गढूळपणाही कमी. गळाला बांधलेलं तीस ग्रॅमचं शिसं तळाला टिकलं. उधाणाला शंभर ग्रॅमही वाहून जातं.

जिताडा मासा चारनंतर, पाणी चढत असतानाच गळाला लागला. भरती थांबली आणि ओढ संपली, तसा गळही शांत झाला.

आमिषाला जिवंत कोळंबीच. गरी तिच्या डोक्यावरच्या काट्याच्या मुळाशी आडवी घाला. मागच्या काळ्या ठिपक्याला टोचलंत तर ती लगेच मरते, आणि मेलेल्या कोळंबीवर तळाची शिंगाळीच येते. दोरी तीस पौंडांचा ताण सोसणारी चालेल, पण टोकाला हातभर पन्नास पौंडी तंगूस (जाड नायलॉनचा धागा) हवाच: जिताड्याच्या कल्ल्यांवरचं झाकण पात्यासारखं धारदार असतं. साधी दोरी तिथेच कापली जाते आणि लोक गाठीला दोष देतात.

मोठा जिताडा जवळजवळ नेहमी मादी असतो, कारण हा मासा नर म्हणून वाढतो आणि पुढे मादी होतो. गाभोळीची मादी कृपा करून परत सोडा, पोटाखाली ओला हात धरून.