तेलविहिरीचे जुने पाइप भट्टीत घालण्याआधी : आमचा अनुभव

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या भट्ट्यांना साखर कारखान्यांचं, यंत्रमागांचं भंगार पुरवताना किरणोत्सार मोजणारं मीटर सहसा हलत नाही. लिलावातून तेलविहिरीचे पाइप, वायुप्रकल्पाचे व्हॉल्व्ह किंवा फॉस्फेट खताच्या टाक्या आल्या, की मात्र आम्ही एकेक नग तपासतो.

पोलाद शुद्धच असतं. किरणोत्सारी असतो तो आत बसलेला थर. तेलाबरोबर वर येणाऱ्या खाऱ्या पाण्यात रेडियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य विरघळलेलं असतं. दाब आणि तापमान उतरलं की पाइपात बेरियम सल्फेट साचतं, बोअरच्या पाण्याचा क्षार साचावा तसं, आणि रेडियम त्यात अडकतं. रेडियम-226चा अर्धायुकाल, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, 1600 वर्षं, त्यामुळे माल यार्डात जुना झाला म्हणून निर्धोक होत नाही.

आधी जागेचं मूळ माप घ्यायचं, आसपास माल नसताना. सोलापूरच्या काळ्या दगडात किरणोत्सारी युरेनियम-थोरियम कमी, म्हणून इथलं मूळ माप खाली असतं आणि थोडी वाढही कळते. मे महिन्यात मीटर उन्हात ठेवू नका, तापलेल्या सिंटिलेशन मीटरचं (स्फटिकातल्या चमकेवरून किरण मोजणाऱ्या) माप सरकतं. गाडीभोवती फिरून घेतलेल्या मापावर भागत नाही. मधल्या मालाचे किरण बाहेरचं लोखंड अडवतं. माल पसरून, दहा सेंटिमीटरवरून, सावकाश. पाइपांची तोंडं, वाकणं, व्हॉल्व्हचं पोट आधी बघावं, थर तिथे जाड असतो.

सर्वांत फसवा माल वायुप्रकल्पाचा. रेडॉन (रेडियमपासून बनणारा किरणोत्सारी वायू) आणि प्रोपेन यांचे उत्कलनबिंदू जवळ असल्याने रेडॉन प्रोपेनच्या लाइनीत जातो आणि पंपांच्या आत किरणोत्सारी शिसे-210 ची पातळ काळी फिल्म सोडतो. त्याचे किरण पोलादाच्या भिंतीबाहेर येत नाहीत, त्यामुळे बाहेरून मीटर गप्प राहतं. नग उघडून पॅनकेक प्रोब (मीटरचा चपटा शोधक) आतल्या पृष्ठभागाजवळ धरावाच लागतो.

माप चढलं की कटर बंद. तासाला 0.5 मायक्रोसिव्हर्ट (अंगावर पडणाऱ्या किरणांचं एकक) दिसेल तिथे दोरी बांधतो. वर्षाचे 2000 कामाचे तास धरले तर तिथे उभ्या माणसाला एक मिलिसिव्हर्ट होतो, म्हणजे सामान्य नागरिकाची वार्षिक मर्यादा. एक मीटर अंतरावर तासाला 100 मायक्रोसिव्हर्ट आले, किंवा शिशाचं जड भांडं दिसलं, तर तो नैसर्गिक थर नसून एखाद्या यंत्रातला कृत्रिम किरणोत्सारी स्रोत असू शकतो. हात न लावता सगळ्यांना लांब काढायचं. 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारातला कोबाल्ट-60 असाच उघडला गेला आणि एका माणसाचा जीव गेला. किरणांची ऊर्जा ओळखणारा हातातला स्पेक्ट्रोमीटर फरक दाखवतो : रेडियमपासून बनणाऱ्या बिस्मथ-214 चं शिखर 609 केईव्हीवर (ऊर्जेचं एकक), कृत्रिम स्रोतांतल्या सीझियम-137 चं 662 वर. सोडियम आयोडाइडच्या मीटरवर ही दोन्ही शिखरं एकमेकांत मिसळू शकतात, म्हणून रेडियमचं 186 चं शिखरही शोधा.

थराचा खरा धोका धुळीत आहे. गॅस कटर, हातोडा, तारेचा ब्रश, हवेचा झोत यांतलं काहीही नाही. थर ओला करून तोंडं जाड प्लास्टिकने बांधायची, एन-95 मास्क आणि हातमोजे घालायचे, तिथे तंबाखू मळायची नाही. नग वेगळा ठेवून अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवायचं. त्यांच्या संमतीशिवाय पुरवठादाराकडे परत पाठवणंही बरोबर नाही. साफसफाई परवानगीच्या ठिकाणी उच्च दाबाच्या पाण्याने होते. पाणी गाळून गाळ साठवला जातो. साफ झालेला पाइप आतून पुन्हा मोजल्यावरच भट्टीकडे जातो.

‘वितळवला की प्रश्न संपला’ हे आम्हाला सर्वांत जास्त ऐकावं लागतं आणि ते धोकादायक आहे. रेडियम-थोरियम स्लॅगमध्ये (भट्टीतल्या मळीत) जातं, शिसे आणि पोलोनियम वाफ होऊन बॅग फिल्टरच्या धुळीत. ओतलेला पिंड स्वच्छ निघतो, म्हणून सगळे निश्चिंत होतात आणि तोच स्लॅग रस्त्याच्या भरावाला जातो. म्हणून संशयास्पद लॉटनंतर आम्ही स्लॅग आणि धूळ दोन्हींचे नमुने प्रयोगशाळेत पाठवतो. ग्रॅमला एक बेकरेल (किरणोत्साराचं एकक) ही युरेनियम-थोरियम मालिकेसाठीची, म्हणजे त्यांच्यापासून बनणाऱ्या रेडियमसारख्या मूलद्रव्यांसाठीची, आंतरराष्ट्रीय मर्यादा. निकाल त्याच्या खाली येईपर्यंत ढीग हलवत नाही.