तुम्ही विचारलंत म्हणून : रानात जाऊन करता तरी काय?

पुण्यात चांगलं घर असताना रानात मुक्कामाला जाऊन तुम्ही करता तरी काय, हे मला बरेच जण विचारतात. उत्तर सरळ आहे. सरपण गोळा करतो, तीन दगड मांडतो, भात शिजवतो, पातेलं राखेनं घासतो आणि झोपतो. दिवस यातच जातो, आणि यासारखं सुख मला दुसरं माहीत नाही.

हे वेड पुस्तकांनी लावलं. जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स हा अमेरिकेतला जोडे शिवणारा कारागीर ‘नेसमक’ या नावानं लिहायचा. रानात कसं राहावं हे सांगणारं त्याचं ‘वुडक्राफ्ट’ १८८४ साली आलं. अंगानं किरकोळ माणूस, त्यामुळे ओझं कमी कसं करायचं याचा त्यानं कसून विचार केला. १८८३ मध्ये तो न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरॉन्डॅक डोंगरांमधल्या तळ्यांतून ज्या होडीनं हिंडला, ती साडेदहा पौंडांची, म्हणजे पाच किलोसुद्धा नाही! रानात हाल सोसायला नव्हे, सुखानं राहायला जायचं, हे त्याचं सांगणं मला मनापासून पटतं. मात्र ते सुख दुकानातून येत नाही, हाताला वळण लागलं की येतं.

चुलीचंच घ्या. जमिनीवरची काटकी ओल धरते. झाडावरच वाळून अडकलेली कट्‌कन मोडते, ती घ्यायची. आधी काडेपेटीतल्या काडीएवढ्या, मग करंगळीएवढ्या, जाड लाकूड शेवटी. मोठा जाळ नको, निखारे हवेत. भात खाली उतरवला की निखाऱ्यांत सालासकट कांदा पुरायचा. तो भाजेस्तोवर थंडीच्या दिवसांत पूर्वेला मृग नक्षत्र वर आलेलं असतं.

त्या पुस्तकांतलं सगळंच इथे चालत नाही. ओल्या फांद्या तोडून बिछाना करायची त्यांची रीत सह्याद्रीत नकोच. राखीव जंगलात मी चूल पेटवत नाही. वेल्ह्याकडे ओळखीच्या शेतकरीदादांना विचारून त्यांच्या खाचराच्या कडेला राहतो. होळीनंतर तर तिथेही चूल बंद. वाळल्या गवतात एक ठिणगी अख्खा डोंगर जाळते.

काय वाचू, असंही विचारता. आधी दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’, मग त्यांनीच मराठीत आणलेला अमेरिकी लेखक थोरो, ‘वॉल्डनकाठी विचारविहार’. नेसमक त्यानंतर. आणि जानेवारीत चला माझ्याबरोबर. घोंगडी, पातेलं आणि तांदूळ आणा. कांदे दादांकडे मिळतात.