भाऊ, उतरू नका हो!

ऐतिहासिक कादंबरीची एक गंमत असते, तिचा शेवट आधीच फुटलेला असतो. पानिपताबद्दल ‘ए, पुढचं सांगू नकोस हं’ असं कोणी कोणाला म्हणत नाही. १४ जानेवारी १७६१, संक्रांतीचे दिवस, पेशव्यांचा मुलगा विश्वासराव, त्याला गोळी लागते, ते बघून मराठ्यांचे सेनापती सदाशिवराव भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसतात आणि गर्दीत घुसतात, इकडे रिकामी अंबारी बघून फौजेला वाटतं भाऊपण गेले, आणि मग जे व्हायचं ते होतं. शाळेपासून पाठ आहे हे. तरीपण विश्वास पाटलांची ‘पानिपत’ (१९८८ची, म्हणजे कित्येक घरांत आता तिसरी पिढी वाचतेय) हातात घेतली की दुपारच्या त्या पानांपाशी माणूस हळू वाचायला लागतो. जणू आपण हळू वाचलं तर गोळी पण हळू येईल!

आमच्या इथल्या लायब्ररीतली प्रत जुनी आहे. खाकी पुठ्ठ्याची बांधणी, आणि शिलाई इतकी आत घेतलीय की प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द पुस्तक फाकवून डोकावून बघावा लागतो. त्यात नेमक्या अंबारीच्या पानावर समासात कोणीतरी पेन्सिलीने लिहिलंय, ‘भाऊ, उतरू नका हो!’ त्याखाली वेगळ्या अक्षरात, निळ्या बॉलपेनने, ‘उतरले.’ आणि त्याखाली तिसऱ्याच कोणीतरी लाल शाईने, ‘लायब्ररीच्या पुस्तकात लिहू नये.’ म्हणजे लिहिलंच की यानेही! मी ते पान बघून एकटीच हसत बसले आणि मग लक्षात आलं की पेन्सिलवाला किंवा पेन्सिलवाली जे कोणी आहे ते माझ्या अगदी जातकुळीतलं माणूस आहे. हे असं ओरडावंसं वाटणं म्हणजेच वाचणं, बाकी सगळं परीक्षेसाठी.

बालनाट्याला गेलात कधी पोरांना घेऊन? रत्नाकर मतकरींचं ‘अलबत्या गलबत्या’ बघा. चिंची चेटकीण आली रे आली की अख्खं थिएटर ओरडतं, खुर्चीवर उभं राहून ओरडतं, आईबाप खाली बसवतायत आणि ही पोरं स्टेजवरच्या माणसांना जीव तोडून सावध करतायत. त्यांना कोणी सांगत नाही की हे खोटं आहे आणि सांगितलं तरी फरक पडत नाही. मोठं झालं की आपण तेच ओरडणं पेन्सिलीने समासात लिहितो, एवढंच.

ऑफिसात एका नव्या पोराने मला विचारलं, मॅडम तुमचा जॉनर कोणता? मला उत्तरच देता येईना. कारण आमच्या घरी कुठलंच पुस्तक कुठल्या वयाचं हे ठरलेलं नव्हतं, आजोबा ‘किशोर’ वाचायचे (बालभारतीचं मासिक, १९७१ पासून निघतंय, आता जुने अंक नेटवर फुकट मिळतात, जरूर बघा) आणि आम्ही पोरं त्यांच्या कपाटातली पेशवाई वाचायचो, अर्धी कळायची अर्धी नाही. आणि न कळलेली अर्धीच जास्त लक्षात राहिली असं आता वाटतं. त्यामुळे एकच खण वाचणारे लोक दिसले की मला जरा वाईटच वाटतं. ‘मी फक्त ऐतिहासिक’, ‘मी फिक्शन वाचतच नाही’, ‘बालसाहित्य? आता या वयात?’ अहो मग ओरडणार कुठे तुम्ही!

चांदोबा आठवा. विक्रम आणि वेताळ. खांद्यावर प्रेत, हातात तलवार, स्मशानातनं निघालेला राजा, ते शंकर यांनी काढलेलं चित्र बघितल्याशिवाय आमच्या पिढीतला एक माणूस मोठा झाला नसेल. आता त्या गोष्टीची रचना बघा किती बेरकी आहे. उत्तर माहीत असून बोलला नाहीस तर डोक्याची शकलं होतील, आणि बोललास तर मौन मोडलं म्हणून वेताळ परत झाडावर. म्हणजे राजा दोन्हीकडून अडकलेला. आणि आम्ही दर महिन्याला ‘नको बोलूस रे’ म्हणायचो आणि तो दर महिन्याला बोलायचा! शेवट माहीत असूनही वाचण्याचं पहिलं ट्रेनिंग मला तिथे मिळालं, पानिपतासाठी तयारी तिथनंच.

फास्टर फेणेचं मात्र उलटं. फुरसुंगीचा बनेश फेणे, काडीपैलवान, चौकड्यांचा शर्ट, सायकल आणि ते ‘ट्टॉक्’. तिथे आपण ओरडलो तर त्याला ऐकू जातं असं वाटायचं, कारण तो सुटायचाच. भा. रा. भागवतांनी त्याला प्रतापगडावर नेला, काश्मिरात नेला, कुठे कुठे नेला आणि प्रत्येक ठिकाणाहून सहीसलामत परत आणला. आता परत वाचताना जाणवतं की मुलींना त्यात फारसं काही करायला दिलेलं नाही, आणि काही गुंड इतके बावळट आहेत की पोलिसांनाही सापडले असते. पण वेग! तो अजून तसाच आहे. आणि याच भागवतांनी ज्यूल व्हर्नपण मराठीत आणला, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ वगैरे, म्हणजे सायकलवरून उतरवून पोरांना सरळ धूमकेतूवर बसवलं या माणसाने. तेव्हा आम्हाला कुठे माहीत होतं की पहिलं पुस्तक बालसाहित्य आणि दुसरं विज्ञानसाहित्य. एकाच कपाटात एकावर एक पडलेली असायची.

मग जयंत विष्णू नारळीकर. त्यांची पहिली गोष्ट कशी आली हा किस्सा त्यांच्याच एखाद्या कथेसारखा आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ पाठवली ती स्वतःच्या नावाने नाही. नाव बघून परीक्षक भारावतील म्हणून आद्याक्षरं उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ झाले, आणि अक्षर ओळखू नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून कथा लिहून घेतली. पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं! जगभर नाव असलेला खगोलशास्त्रज्ञ असा गुपचूप दुसऱ्या दाराने आत आला हे मला फार आवडतं. पुढे २०२१ला नाशिकच्या ९४व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले ते अर्थात पुढच्या दाराने.

खरं सांगायचं तर मराठी विज्ञानकथेत एक सवय मला छळते. दोन शास्त्रज्ञ चहा पीत बसतात आणि दोघांनाही आधीच माहीत असलेली गोष्ट एकमेकांना पानभर समजावून सांगतात. मग तिसरा येतो, त्याला परत सांगतात. नारळीकरही यातून सुटलेले नाहीत. पण ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ वाचलीत का? नसेल तर आजच वाचा, मी थांबते. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत, पानिपतचा निकाल वेगळा लागला असता तर काय, याच विचारात असताना ट्रकची धडक बसते आणि ते अशा हिंदुस्थानात जाऊन पडतात जिथे मराठे जिंकलेत. तिथल्या मुंबईत अजून कंपनी सरकारची पाटी आहे. आता एखादा हिरो काय करेल, तलवार शोधेल. हे गृहस्थ काय करतात, तर लायब्ररीत जातात! तिथे स्वतःच लिहिलेला इतिहास काढून वाचत बसतात आणि नेमकं कुठे वळण बदललं ते शोधतात. आणि सापडतं ते एवढंसं, विश्वासरावांच्या कानाला चाटून गोळी गेली. बस. दोन बोटांचा फरक. परत आल्यावर खिशात बखरीचं फाटलेलं पान निघतं, आणि मग (हो, चहा पीत नसले तरी) त्यांचे मित्र राजेंद्र देशपांडे त्यांना कॅटास्ट्रॉफी थिअरी (एवढ्याशा फरकाने सगळंच एकदम बदलतं ती) आणि क्वांटमचं सगळं समजावून सांगतात. पण इथे ते समजावणं मला चालतं, कारण त्याआधी माझी इतक्या वर्षांची इच्छा कोणीतरी कागदावर पूर्ण करून दिलेली असते. पेन्सिलवाल्याचं भाऊंनी ऐकलं असतं तर काय, त्याचंच हे उत्तर आहे. नुसतं सुखाचं पण नाही हं. त्या जगात गंगाधरपंतांचा मुलगा असायला हवा तिथे सापडत नाही. सगळं आपल्या मनासारखं झालं की आपलंच माणूस गायब, हे मला पहिल्या वाचनात कळलंच नव्हतं, नंतर कधीतरी अंगावर आलं.

इतिहासाच्या बाजूला याच लढाईचं आणखी एक पुस्तक आहे, ते कमी वाचलं जातं, ना. सं. इनामदारांचं ‘शिकस्त’. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई स्वतः पानिपतावर होत्या, तिथून जिवंत परत आल्या, आणि नवरा गेला हे त्यांनी कधी मान्यच केलं नाही. अख्खं पुणं म्हणतंय गेले, त्या म्हणतायत नाही. त्यात मग सदाशिवरावांचा तोतया उभा राहिला आणि पेशवाई हादरली. आता मला सांगा, एखाद्या कथालेखकाने हे रचून दिलं असतं तर संपादक म्हणाला असता जरा अती होतंय. इनामदारांचं मला काय आवडतं तर ते गावाने टाकलेली माणसं उचलतात. ‘झेप’ घ्या, दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे. ‘मंत्रावेगळा’ घ्या, दुसरा बाजीराव! ज्याचं नाव काढलं की आपण तोंड वाकडं करतो त्याच्या बाजूने शेकडो पानं उभं राहायचं, सोपं नाही.

एक तक्रार मात्र आहे आणि ती लेखकांबद्दल कमी, आपल्याबद्दल जास्त. कादंबरीतले संवाद लोक इतिहास म्हणून फॉरवर्ड करतात. रात्री अकरा वाजता, महालात दोघंच, दिव्याची वात फडफडतेय, तिथे ते काय बोलले हे कोणी टिपून ठेवलं हो? कादंबरीकाराने. त्याचं कामच ते. १८७१ला गुंजीकरांची ‘मोचनगड’ आली तेव्हापासून आपले लेखक हे करतायत आणि चांगलं करतायत, पण ते वाक्य उचलून खाली नाव घालून फोटोवर चिकटवलं की झालं, शिवाय कोणी शंका काढली तर भांडण. विज्ञानकथा वाचणारा असं करत नाही. तो कधी ‘यान काल निघालं, बघ’ म्हणून फॉरवर्ड करत नाही. म्हणून म्हणते दोन्ही वाचा, एकाने दुसऱ्याचं डोकं ताळ्यावर राहतं.

(भयकथावाल्या नारायण धारपांवर लिहायला बसले तर रात्र जाईल आणि रात्री धारपांवर लिहायचं नाही असं ठरवलेलं आहे. ‘तुंबाड’ बघून ज्यांना धारप कळले त्यांचं स्वागत, उशिरा आलात पण आलात.)

मध्यंतरी भाची राहायला आली होती. तिला गंगाधरपंत वाचून दाखवायचे म्हणजे आधी खरं पानिपत सांगायला लागणार, म्हणून जेवताना सगळं सांगितलं, अन्नाची टंचाई, यात्रेकरू, बायकामुलं बरोबर, मग गोळी, मग अंबारी. ती घास हातात धरून ऐकत होती आणि अंबारीपाशी आल्यावर एकदम म्हणाली, ‘अगं मावशी पण कोणीतरी जाऊन सांगायचं ना फौजेला की ते घोड्यावर आहेत!’ मी म्हटलं एवढ्या गर्दीत कोण सांगणार. ‘फास्टर फेणे. सायकलवरून.’ आता यावर काय बोलणार, मी वरण वाढलं. पण तिचा मुद्दा बिनचूक आहे, पानिपतावर त्या क्षणी कमी पडला तो निरोप्या. गंगाधरपंत तिला त्यामानाने स्लो वाटले. लायब्ररीत काय जातोय म्हणे.

तेव्हापासून मी ‘स्वामी’ परत काढलीय, रणजित देसाईंची, १९६२ची. पानिपतानंतर लगेच गादीवर आलेले माधवराव, सोळा वर्षांचं पोर, सगळं सावरतात आणि सत्ताविसाव्या वर्षी थेऊरला क्षयाने जातात. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने लिहून ठेवलंय की पानिपतानेसुद्धा मराठ्यांचं त्यांच्या जाण्याहून जास्त नुकसान केलं नाही. भाषा जरा जास्तच साजूक आहे, डोळे फार वेळा भरून येतात सगळ्यांचे, पण थेऊरची पानं आली की मी परत समासात ओरडायच्या बेतात. आणि या वेळी माझ्याकडे प्लॅन आहे! टीबीची औषधं १९४३ नंतरची, आज सहा महिन्यांच्या कोर्समध्ये माणूस बरा होतो, म्हणजे थेऊरला फौज न्यायची गरजच नाही, फक्त गोळ्यांची पाकिटं घेऊन एक माणूस १७७२च्या बऱ्याच आधी पोचला पाहिजे. अडचण एकच, दोन महिन्यांत बरं वाटायला लागलं की पेशंट गोळ्या सोडतो, आणि हे तर पेशवे, हैदरवर मोहीम निघाली की कोर्स गेला बोंबलत. पण त्यांच्या पत्नी रमाबाईंच्या हातात पाकीट दिलं तर? एक डोस चुकवायची काय बिशाद. कोणीतरी लिहा हो ही कथा, शास्त्रज्ञ दोनच ठेवा आणि त्यांना चहा देऊ नका.