ओम शिनरिक्योवरची पुस्तकं कुठे घसरतात

ओम शिनरिक्यो या जपानी पंथावरची बहुतेक खपाऊ पुस्तकं एकाच जागी सुरू होतात. 20 मार्च 1995, सकाळी आठचा सुमार, टोकियोची मेट्रो. पाच जण, तीन मार्ग, सरीन या जीवघेण्या विषारी रसायनाच्या 11 पिशव्या आणि त्या फोडायला टोकं घासून धारदार केलेल्या छत्र्या. मग लेखक मागे वळतो: पंथगुरू शोको असाहाराची अधू नजर, अंधशाळा, 1984 चा योगवर्ग, हवेत तरंगल्याचा फोटो, प्रलयाची भाकितं. निष्कर्ष ठरलेलाच, वेडा गुरू आणि भारलेले शिष्य. पानं भराभर उलटतात, पण खून त्या-त्या वेळीच का झाले हे शेवटपर्यंत कळत नाही.

त्याचं उत्तर नोंदणीच्या, कोर्टाच्या आणि पोलिसांच्या कागदांत आहे. सप्टेंबर 1988 मध्ये साधनेच्या नावाखाली चाललेल्या प्रकारात एक शिष्य दगावला. बोभाटा झाला असता तर धर्मसंस्था म्हणून होऊ घातलेली नोंदणी अडली असती, म्हणून प्रेत गुपचूप जाळलं. हे ठाऊक असलेला दुसरा शिष्य पंथ सोडायचं म्हणू लागला. फेब्रुवारी 1989 मध्ये त्याला संपवलं. ऑगस्टमध्ये टोकियो महानगर सरकारची मान्यता मिळाली. हा पहिला खून बऱ्याच पुस्तकांत दोन ओळींत उरकलेला असतो, आणि पुढचं सगळं तिथूनच सुरू होतं.

नोव्हेंबर 1989 मध्ये साधकांच्या पालकांच्या वतीने लढणारे वकील त्सुत्सुमी साकामोतो, त्यांची पत्नी आणि जेमतेम वर्षाचा मुलगा योकोहामाच्या घरात मारले गेले. त्याआधी टीबीएस वाहिनीने त्यांच्या मुलाखतीचं चित्रण पंथाच्या माणसांना दाखवलं होतं. वाहिनीने हे कबूल केलं 1996 मध्ये. घरात पंथाचा बिल्ला सापडूनही पोलिसांनी प्रकरण 'बेपत्ता' म्हणूनच हाताळलं. फेब्रुवारी 1990 मध्ये पंथातून पळालेल्या एका मारेकऱ्याने मुलाला कुठे पुरलं त्याचा नकाशा निनावी धाडला. खोदलं, पण हाती काही लागलं नाही. तिघांचे मृतदेह मिळाले सप्टेंबर 1995 मध्ये.

27 जून 1994 ला मात्सुमोतो शहरात ट्रकमधून सरीन सोडलं ते पंथाविरुद्धच्या जमिनीच्या दाव्याचा निकाल देणार असलेल्या न्यायाधीशांच्या निवासावर. न्यायाधीश वाचले, आसपासचे सात जण गेले, आठवा बळी 2008 मध्ये. पोलिसांना आणि वर्तमानपत्रांना संशय आला तो ज्याने प्रथम मदत मागितली त्याच रहिवाशाचा! 1 जानेवारी 1995 ला 'योमिउरी' दैनिकाने फुजीच्या पायथ्याच्या कामिकुइशिकी गावात, पंथाच्या कारखान्याजवळ, सरीनचे अवशेष सापडल्याची बातमी दिली. पोलिसांची झडती 22 मार्चला ठरली. मेट्रोवरचा हल्ला त्याच्या दोन दिवस आधीचा, आणि पाचही गाड्या पोलीस मुख्यालयाजवळच्या कासुमिगासेकी स्थानकाकडे जाणाऱ्या.

शिकवण बिनमहत्त्वाची होती असं नाही. 'पोवा', म्हणजे मारणाऱ्याने मरणाऱ्याला वरच्या लोकी धाडायचं, ही तिबेटी साधनेची केलेली मोडतोड नसती, तर इकुओ हायाशीसारखा हृदयशल्यचिकित्सक पिशवीत छत्री खुपसायला तयार झाला नसता. पण पोवाने फक्त मुभा दिली. तारखा ठरल्या खटल्यांवरून आणि झडत्यांवरून.

दुसरी गाळलेली बाजू इस्पितळांची. सेंट ल्यूक्स इस्पितळात त्या दिवशी 640 रुग्ण आले. अंगावरचे कपडे न उतरवताच त्यांना आत घेतलं गेलं आणि कपड्यांतून उडणाऱ्या वाफेने कर्मचारीच आजारी पडले; सर्वाधिक त्रास हवा कोंडलेल्या प्रार्थनागृहात काम करणाऱ्यांना झाला. अग्निशमन दलाने आधी रसायन अ‍ॅसिटोनायट्राइल असल्याचं कळवलं होतं. मात्सुमोतोचे रुग्ण तपासलेल्या डॉक्टरने टोकियोला फोन करून लक्षणं सरीनची आहेत असं सांगितलं. उपचार म्हणजे अ‍ॅट्रोपिन आणि पॅम, ही सरीनवर उतारा म्हणून दिली जाणारी औषधं.

तेव्हा पुस्तक विकत घेण्याआधी 1988 ते 1994 या वर्षांना किती पानं दिली आहेत ते पाहा. एकच प्रकरण असेल तर ठेवून द्या. मेट्रोतल्या मृतांचा आकडा 13 असेल तर आवृत्ती जुनी असू शकते. 2020 मध्ये आणखी एका बाधितेचा मृत्यू होऊन तो 14 झाला. जुलै 2018 मधल्या तेरा फाशींवर पुस्तक संपत असेल तर 'आलेफ' आणि 'हिकारी नो वा' हे उरलेले गट त्यात आहेत का, तेही चाळून घ्या.